आधी स्ट्रेचर पूस

आमच्या ॲम्ब्युलन्सच्या कंपनीत दरवर्षी 'आनंद सप्ताह' साजरा होतो. आनंद कुठल्या वारापासून कुठल्या वारापर्यंत करायचा, याचं परिपत्रक आधी येतं. यंदाच्या परिपत्रकात एक कलम नवीन होतं. प्रत्येक प्रशिक्षण समन्वयकानं आपल्या प्रेरणास्थानाविषयी दोनशे शब्द लिहून पाठवावेत आणि सोबत स्वतःचा हसरा फोटो जोडावा. मी शेवंता मावशींवर लिहून पाठवलं. दोन दिवसांनी मुख्यालयातून उत्तर आलं, "लेख चांगला आहे, पण थोडा सकारात्मक करता येईल का? आणि व्यक्ती शक्यतो आपल्या संस्थेतली असावी." मावशी आमच्या संस्थेतल्या नव्हत्या. सकारात्मक तर त्या कुठल्याच अंगानं नव्हत्या. मी लेख परत मागवला आणि माझ्यापुरता आनंद सप्ताह बुधवारीच आटोपला.

शेवंता मावशी आमच्या जिल्ह्यातल्या एका सरकारी रुग्णालयात अपघात विभागाच्या सफाई कामगार होत्या. रुग्णालयाचं नाव सांगत नाही. सांगितलं तर तिथले साहेब मावशींना आपणच घडवलं म्हणून सत्कार करून घेतील. सरकारी दवाखान्यात सफाई करणारी प्रत्येक बाई मावशी असते आणि प्रत्येक वॉर्डबॉय मामा असतो, पण या मावशींना हाक मारताना भल्याभल्यांचा आवाज खाली यायचा. अंगानं त्या काटकुळ्या होत्या. लुगड्याचा पदर कमरेला घट्ट खोचलेला असायचा, हातातल्या पोछ्याची काठी त्यांच्यापेक्षा वीतभर उंच होती आणि बादली कायम दाराच्या बरोबर मधोमध ठेवलेली असायची. ती बादली ओलांडून आत जायची हिंमत फक्त दोघांची व्हायची, एक पेशंटची आणि दुसरी सिव्हिल सर्जन साहेबांची. त्यातल्या साहेबांना त्या दर वेळी ऐकू जाईल इतक्या हळू आवाजात काहीतरी बोलायच्या.

मी तेव्हा नुकताच ॲम्ब्युलन्सवर डॉक्टर म्हणून लागलो होतो. होमिओपॅथीची पदवी, इस्त्रीचा शर्ट आणि गळ्यात स्टेथोस्कोप, एवढी माझी तयारी होती. आमच्या गाडीवर दोनच माणसं असतात, एक डॉक्टर आणि एक ड्रायव्हर. ड्रायव्हरला आमच्याकडे पायलट म्हणतात. विमान सोडून पायलटचं सगळं त्याला मिळतं, म्हणजे गणवेश मिळतो, टोपी मिळते आणि उशीर झाला की लोकांच्या शिव्या मिळतात. माझा पायलट होता बालाजी. त्याचं घराणं मेंढरं राखणारं, आणि तो घराण्यातला पहिला नोकरदार. तामलवाडीच्या बाजूची गाडी आम्हा दोघांकडे होती.

पहिल्याच दिवशी धाप लागलेल्या एका म्हाताऱ्याला आम्ही आणून दिलं. कागदावर सही घेतली. आपण एक जीव वाचवला या आनंदात मी छाती पुढं काढून बाहेर निघालो, तर पोछ्याची काठी आडवी आली.

"कुठं निघालाव?"

"गाडीत."

"आधी स्ट्रेचर पूस म्हनावं त्याला, न्हायतर तुमी पुसा."

"मावशी, मी डॉक्टर आहे."

"बरं झालं सांगितलं. डॉक्टरला स्ट्रेचर पुसताना म्या अजून बघितलं न्हाय. बघू तरी कसं पुसतेत."

मी पुसलं. बालाजी लांब उभा राहून हसत होता. त्याच्या हातात त्यांनी दुसरं फडकं दिलं.

ॲम्ब्युलन्सवाल्यांना एक दुखणं असतं, ते वैद्यकाच्या कुठल्याही पुस्तकात नाही. आम्ही माणूस घरातून उचलतो, वाटभर त्याचा हात धरून बसतो, दारात दुसऱ्याच्या ताब्यात देतो आणि निघतो. पुढं त्याचं काय झालं, ते आम्हाला कोणी सांगत नाही. आतल्या डॉक्टरांना वेळ नसतो, नातेवाइकांना आमचा चेहरा आठवत नाही आणि कंपनीला फक्त गाडी किती मिनिटांत पोचली याच्याशी मतलब असतो. तो म्हातारा जगला का? आपण ऑक्सिजन लावला, तो बरोबर लावला का? हे प्रश्न डोक्यात घेऊन आम्ही पुढच्या कॉलला जातो. दहा-बारा वर्षं नोकरी केलेल्या माणसाच्या डोक्यात असे किती अर्धवट पेशंट बसलेले असतील, कल्पना करा.

या दुखण्यावर जिल्ह्यात एकच औषध होतं, शेवंता मावशी. पोछा घेऊन त्या वॉर्डा-वॉर्डातून फिरायच्या. डॉक्टरांचा राउंड चालू असला की नेमकी तिथलीच फरशी त्यांना मळलेली दिसायची. कुणाला सुट्टी मिळाली, कुणाला पुढं पाठवलं, डॉक्टर कशामुळं चिडले, हे सगळं त्यांच्या कानावर असायचं. आम्ही पुढची केस घेऊन आलो की मागच्या केसचा निकाल त्या द्यायच्या. 'निकाल' हा त्यांचाच शब्द. आमची नावं त्यांना पाठ नव्हती, किंवा पाठ करायची गरज वाटत नव्हती. गाडी ज्या गावची, ते आमचं नाव. "ए परंडा," "ए लोहारा," अशा हाका पोर्चमध्ये घुमायच्या.

निकालाला अटी होत्या. आधी स्ट्रेचर स्वच्छ झालं पाहिजे. निकाल स्वतःहून विचारला पाहिजे. विचारला की मावशी काठीवर हनुवटी टेकून म्हणायच्या, "गोड सांगू का खरं सांगू?"

कोणी "गोड" म्हणालं तर त्या म्हणायच्या, "तुझी गाडी लई चकाचक हाय. जा आता." आणि काम सुरू करायच्या. कोणी "खरं" म्हणालं तर मात्र त्याची खैर नसायची. परंड्याचे डॉक्टर एकदा हार्ट ॲटॅकचा पेशंट वाचवला म्हणून आठवडाभर हवेत होते. मावशी म्हणाल्या, "गॅस हुता त्यो. मिरचीची भजी खाल्ली हुती. ढेकर आली अन् घरी गेला." उलट लोहाऱ्याच्या गाडीवरची जोडी एका आजीबाईला उशिरा आणलं म्हणून खचून गेली होती. त्यांना मावशींनी सांगितलं, "ती म्हातारी तिसऱ्या दिवशी उठून सुनंसंगं भांडली. जोरात भांडली. फुफ्फुसाला काय बी झालेलं न्हाय." आणि एका नव्या पोरसवदा डॉक्टरणीला, जिनं हात मोडलेला माणूस तसाच हात लोंबत ठेवून आणला होता, त्यांनी अख्ख्या पोर्चसमोर विचारलं, "झोळी बांधायला तुझ्याकडं ओढणी नव्हती व्हय?" ती रडली. पण त्यानंतर तिनं आणलेला एकही मोडका हात मी लोंबताना पाहिला नाही.

मावशींच्या तोंडून चांगला शब्द ऐकायला आम्ही तरसायचो. त्यांचं सर्वांत मोठं कौतुक होतं, "हं. बरं आनलंस." हे ज्याला मिळालं त्यानं त्या दिवशी इतर गाड्यांना फोन करून सांगितलंच म्हणून समजा.

याच्या शेजारी कंपनीनं चालवलेलं आमचं कल्याण बघा. एकदा पुण्याहून एक कोट घातलेले तज्ज्ञ आले. विषय होता 'तणावातून तेजाकडे'. त्यांनी आम्हा तीसेक जणांना सतरंजीवर शवासनात झोपवलं आणि डोळे मिटून समुद्रकिनारा बघायला सांगितलं. आमच्यातल्या निम्म्यांनी समुद्र पाहिलेला नव्हता, आणि सगळ्यांनीच ड्यूटीनंतर झोप पाहिलेली नव्हती. दोन मिनिटांत हॉलभर घोरणं सुरू झालं. एक डॉक्टर तेवढे जागे होते. इतकी माणसं निपचित पडलेली बघून त्यांना राहवेना. ते सवयीनं उठले आणि एकेकाच्या नाकापुढं बोट धरून श्वास बघत फिरू लागले. तज्ज्ञांनी ते 'परस्पर काळजीचं सुंदर उदाहरण' म्हणून अहवालात लिहिलं.

दुसऱ्या सत्राला हॉल मिळाला नाही म्हणून ते रुग्णालयाच्या व्हरांड्यात झालं. मावशी फरशी पुसत होत्या. तज्ज्ञांना वाटलं, तळागाळातला अनुभव घ्यावा. त्यांनी मोठ्या मायेनं विचारलं, "मावशी, तुम्हाला कधी ताण येतो का हो?"

"येतो की."

"कधी येतो?"

"वल्ल्या फरशीवरून कुनी बूट घालून फिरलं की."

तज्ज्ञांनी पाय उचलला आणि तो कुठं ठेवावा हे त्यांना बराच वेळ कळलं नाही.

मग कंपनीनं मोबाइलवर एक सोय केली. गाडी सुरू करण्याआधी प्रत्येकानं आपला आजचा मूड नोंदवायचा. पाच चेहरे, रडक्यापासून हसऱ्यापर्यंत. बालाजी रोज हसरा चेहरा दाबायचा, कारण तो अंगठ्याच्या सगळ्यात जवळ होता. ज्या दिवशी तामलवाडीची केस झाली, त्या दिवशीही त्यानं सकाळी हसराच दाबलेला होता.

ती केस सांगायलाच हवी. विलास नावाचा तिशीचा माणूस, चिंचा झोडायला झाडावर चढला आणि फांदीसकट खाली आला. आम्ही पोचलो तेव्हा झाडाखाली अर्धं गाव जमलेलं होतं आणि सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द होता, "उचला, उचला." असा माणूस आधी सपाट फळीवर घ्यायचा असतो, मान धरून, अंग एकसंध वळवून. फळी गाडीत होती. ती ऑक्सिजनच्या सिलिंडरमागं, चादरींच्या गठ्ठ्याखाली होती, कारण ती कोणी कधी काढतच नव्हतं. मी "फळी" असं म्हणेपर्यंत बालाजीनं खाली वाकून एक हात मानेखाली आणि एक गुडघ्याखाली घातला आणि ओढ्यातून मेंढरू काढावं तसं विलासला एका दमात उचललं. गर्दीनं "शाब्बास" म्हटलं. मी डॉक्टर होतो. थांब म्हणायचं काम माझं होतं. ते मी केलं नाही.

वाटेत विलास म्हणाला, "डॉक्टर, माजे पाय झोपल्यावानी झालेत." गाडीच्या मधल्या खिडकीतून ते बालाजीनं ऐकलं.

दुसऱ्या दिवशी विलासला सोलापूरला पाठवलं. पुढचे पंधरा दिवस बालाजी प्रत्येक फेरीला स्ट्रेचर पुसून मावशींसमोर उभा राहायचा, आणि मावशी म्हणायच्या, "अजून कळलं न्हाय." त्याचं जेवण तुटलं. गाडी बैलगाडीच्या वेगानं चालायला लागली. एका दुपारी तो मला म्हणाला, "सर, त्याचं काय वाईट झालं असंल तर म्या किल्ली ठेवतो. मला न्हाय जमायचं परत कुनाला हात लावायला."

मावशींना त्याच दिवशी कळलं होतं. विलासचा मेहुणा कागद न्यायला आला होता. कंबरेखाली सगळं गेलेलं होतं. तिथल्या डॉक्टरांना त्यानं विचारलं, तर ते म्हणाले, पडताना मोडलं असेल किंवा उचलताना सरकलं असेल, आता कोणीच सांगू शकत नाही.

मी मावशींना जिन्याखाली गाठलं. म्हटलं, "मावशी, एकदाच गोड सांगा."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. "तुमी साबुदान्याच्या गोळीचे डॉक्टर. तुमाला गोडाचं लई."

मी सांगितलं, बालाजीला तीन लेकरं आहेत, नोकरी सोडली तर पुन्हा मेंढरांमागं जाईल, असा पायलट जिल्ह्यात दुसरा नाही. यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. फक्त एक वाक्य मी बोललो नाही. खरं बाहेर आलं असतं तर पहिला प्रश्न विचारला गेला असता, तेव्हा डॉक्टर काय करत होते? आणि समन्वयकाच्या जागेसाठी माझा अर्ज तेव्हा मुख्यालयात पडून होता. बालाजीचं मन जपता जपता मी माझी खुर्चीही जपत होतो. मावशींना हे कळलं नसेल, असं मी स्वतःला आजवर बऱ्याचदा समजावलं आहे.

संध्याकाळी बालाजी समोर आला. मावशींनी पोछा बादलीत बुचकळत, वर न बघता सांगितलं, "बरा हाय त्यो. चालायलाय."

बालाजी तिथंच मटकन बसला आणि तोंडावर रुमाल धरून हुंदके द्यायला लागला. त्याच्या एक गोष्ट लक्षात आली नाही. त्या दिवशी मावशींनी त्याला स्ट्रेचर पूस म्हटलं नव्हतं.

पुढं सगळं छान झालं. बालाजी जेवायला लागला. मी समन्वयक झालो. मुख्यालयातल्या बैठकीत मी बालाजीच्या केसवर एक स्लाइड दाखवली, तिचं शीर्षक होतं 'संवादातून सावरणं', आणि तिला टाळ्या पडल्या. पुढच्या आनंद सप्ताहात बालाजीला 'आनंदी कर्मचारी' म्हणून प्रमाणपत्र मिळालं. ते लॅमिनेट करून द्यायला मीच रुग्णालयात गेलो होतो, आणि म्हणून पुढचं माझ्या डोळ्यांसमोर घडलं.

पोर्चमध्ये गाडी येऊन थांबली. मागचं दार उघडलं. मोटारसायकलवरून पुलाखाली पडलेल्या एका माणसाला बालाजीनं दोन हातांवर उचलून बाहेर काढलं, एक हात मानेखाली, एक गुडघ्याखाली. फळी आत सिलिंडरमागं होती तिथंच होती.

मावशी ओरडल्या, "फळी कुठाय रं?"

बालाजी हसत म्हणाला, "अवो मावशी, फळी कशाला? तामलवाडीचा त्यो असाच उचलला हुता की. चालायलाय ना त्यो?"

मामांनी पेशंटला स्ट्रेचरवर घेऊन आत नेलं. मावशींनी बादली उपडी केली आणि तिच्यावर बसल्या. मी त्यांना कामाच्या वेळेत बसलेलं पहिल्यांदा बघत होतो. सगळं पाणी पोर्चभर पसरलं. मग त्या उठल्या आणि सगळ्यांदेखत बोलल्या.

"त्यो चालत न्हाय, बालाजी." त्यांनी त्याला नावानं हाक मारलेली आम्ही त्या दिवशी प्रथम ऐकली. "कंबरंखाली काय ऱ्हायलं न्हाय त्याचं. पडून मोडलं का तू उचलून मोडलं, ते डॉक्टरला बी ठाव न्हाय अन् मला बी न्हाय. म्या तुला खोटं सांगितलं. ह्या डॉक्टरच्या नादी लागून सांगितलं, पन तोंड माजं हुतं."

बालाजीनं माझ्याकडं बघितलं. माझ्या हातात त्याचं प्रमाणपत्र होतं, त्यावर तो हसत होता. मोटारसायकलवाल्याचं नशीब बरं, त्याचं फक्त खांद्याजवळचं हासळीचं हाड मोडलं होतं. बालाजीनं गाडीची किल्ली काढली आणि उपड्या बादलीवर ठेवली.

"किल्ली उचल," मावशी म्हणाल्या.

"न्हाय मावशी."

"किल्ली उचल अन् फळी काढ. म्या झाडावरून पडले. चल, मला उचल."

आणि त्या खरोखरच त्या ओल्या फरशीवर उताण्या झोपल्या. निवृत्तीला वर्ष राहिलेली बाई, पदर खोचलेला, पाय पसरलेले, पोर्चच्या मधोमध. मग बालाजी गुडघ्यावर बसला. त्यानं मान धरली, एका मामानं कंबर, मी पाय. आम्ही त्यांना वळवून फळीवर घ्यायला लागलो आणि खालून शिव्यांचा पट्टा सुरू झाला. "मान! मान कुनाचा बा धरनार? अंग एकदम वळीव, तुकड्या-तुकड्यानं वळवू नगंस. पट्टा ढिला हाय. गर्दीला घाई असती रं, मनक्याला नसती. काढ, परत कर." पाच वेळा, सहा वेळा, बालाजीचा शर्ट पिळून काढावा इतका भिजेपर्यंत. आमच्या कंपनीनं हे प्रशिक्षण आम्हाला पडद्यावर दाखवलं होतं. त्यात एक गोरा माणूस दुसऱ्या गोऱ्या माणसाला शांतपणे फळीवर घेत होता आणि खालचा माणूस शिव्या देत नव्हता. त्यामुळंच बहुधा ते कुणाच्या डोक्यात शिरलं नसावं.

त्या दिवसापासून निकालाच्या अटींत भर पडली. गाडी परंड्याची असो की लोहाऱ्याची, जरा सवड दिसली की मावशी आडव्या व्हायच्या. रुग्णालयानं त्यांना नोटीस दिली, 'कामाच्या वेळेत जमिनीवर झोपल्याबद्दल खुलासा करावा.' त्यांनी खुलाशात लिहवून घेतलं, 'जमीन मीच पुसलेली होती.' जिल्ह्यातली एकूण एक फळी मात्र महिन्याभरात सिलिंडरमागून निघून पुढं आली.

बालाजीला त्यांनी तामलवाडीला नेलं. एका रविवारी दोघं एसटीनं गेले. मला बोलावलं होतं. मला त्या दिवशी मीटिंग होती. मीटिंग होती हे खरं, आणि ती त्या दिवशी मीच ठेवली होती, हेही खरं. बालाजीनं नंतर सांगितलं, विलास बाजेवर पडून होता. त्याच्या बायकोनं चहा दिला. निघताना विलास म्हणाला, "मला जरा वसरीवर न्या. पन हिला इचारून उचला, ती शिकलीय आता." बालाजीनं तिला विचारलं आणि ती सांगेल तसं उचललं.

मावशी निवृत्त झाल्या. निरोप समारंभात मी दहा मिनिटं बोललो. उत्तरादाखल त्या उभ्या राहिल्या, म्हणाल्या, "हाल पुसायचा ऱ्हायलाय, लवकर आटपा," आणि बसल्या. मग जय भीम करून लोहाऱ्याकडच्या आपल्या गावी निघून गेल्या. बालाजीनं पुढं लोहाऱ्याच्या गाडीवर बदली मागून घेतली. कारण विचारलं तर म्हणाला, "तिकडं रस्ते चांगलेत." तिकडचे रस्ते मी पाहिलेले आहेत.

गेल्या हिवाळ्यात मावशी माळवदावर तुरी वाळत घालायला चढल्या आणि उतरताना शिडीवरून पाठीवर पडल्या. क्षणात आळी गोळा झाली. कुणी पाणी आणलं, कुणी जीप आणली, आणि सगळे म्हणाले, "उचला, उचला." मावशी जमिनीवरून ओरडल्या, "हात लावंल त्याचा हात मोडीन. फळीवाली गाडी बोलवा." भर उन्हात त्या तशाच पडून राहिल्या. सून डोक्यावर छत्री धरून बसली. लोकांना वाटलं, म्हातारीच्या डोक्याला मार लागला. बालाजी पोचला. मान त्यानं धरली. फळीवर घेईपर्यंत मावशींनी त्याला ज्या शिव्या दिल्या, त्या सुनेनं मला सांगायला नकार दिला.

दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. "सर, मावशींचं पुढं काय झालं?"

त्यानं त्यांना त्याच पोर्चमध्ये, त्याच दारात ताब्यात दिलं होतं. तिथं आता सांगणारं कुणी नव्हतं. नवी मावशी फक्त फरशी पुसते. मलाही काही ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं कल्याणाचं काम करून माझ्या तोंडाला जे वळण लागलंय, त्याला स्मरून मी म्हणालो, "बऱ्या असतील रे. काळजी करू नकोस."

मग तो म्हणाला, "सर, स्ट्रेचर पुसून फोन करायलोय. खरं सांगा."

रुग्णालयात विचारलं, तर मावशींना रात्रीच सोलापूरला पाठवलं म्हणाले. मी गाडी काढून सोलापूरला गेलो. ऑपरेशन झालं होतं. पाय हलत होते की नाही, हे त्या दिवशी कुणी सांगेना. मी बालाजीला तेच सांगितलं, "अजून कळलं नाही." त्यानंतर रोज सांगत राहिलो.

तीन महिन्यांनी आम्ही दोघं जीपनं त्यांच्या गावी गेलो. मावशी दारातल्या बाजेवर बसल्या होत्या. आणखी बारीक झालेल्या, तोंड मात्र तेवढंच. बालाजीला बघून म्हणाल्या, "निकाल पायजे? गोड सांगू का खरं?"

"खरं," बालाजी म्हणाला.

त्यांनी वॉकर ओढला. सून पुढं झाली, तिला त्यांनी डोळ्यांनीच मागं सारलं. उठल्या, आणि दारापासून तुळईच्या खांबापर्यंत चालत गेल्या आणि परत आल्या. डावा पाय घासत होता. बसल्यावर धाप लागली होती.

"मनका मोडला हुता. सोलापूरचा डॉक्टर म्हनला, उचलताना जरा वाकडं झालं असतं तर म्या बसूनच ऱ्हायले असते. हे चालनं तुजं हाय. बरं आनलंस." बालाजीनं मान खाली घातली, तशा त्या पुढं म्हणाल्या, "पन तामलवाडीचा इलास अजून बसूनच हाय. ह्यानं ते पुसलं जात न्हाय."

"ठाव हाय, मावशी. दर म्हैन्याला जाऊन येतो."

मावशींनी मान हलवली आणि माझ्याकडं वळल्या. "अन् तुमी, डॉक्टर? तुमी कवा गेलाव?"

माझ्याकडं त्या दिवशी कुठलीच मीटिंग नव्हती. "नाही गेलो," मी म्हणालो.

"मग आधी ते करा."

बस, एवढंच बोलल्या. मला वाटलं होतं त्या आणखी काही सुनावतील, पण त्यांनी सुनेला चहा टाकायला सांगितलं आणि बालाजीला गाडीतली फळी कोणत्या बाजूला ठेवतोस ते विचारायला लागल्या. निघताना मी जीपमधून मागं वळून पाहिलं. मावशी पुन्हा उठल्या होत्या, वॉकर टेकत खांबाकडं निघाल्या होत्या, आणि सुनेला काहीतरी रागावून सांगत होत्या. बालाजीनं मला काही विचारलं नाही. मुख्य रस्त्याला लागल्यावर त्यानं जीप तामलवाडीच्या दिशेनं घेतली, आणि मी त्याला थांब म्हणालो नाही.